सुनेचा ठोसा
दुखण्याच्या मलमाचा वास आला की मला सून घरात नवी होती तेव्हाचे दिवस आठवतात. संध्याकाळी ती पोळ्या लाटायला लागली की तिच्या हाताला तोच वास यायचा आणि बोटांचे सांधे लाल दिसायचे. विचारलं तर म्हणायची, "दारात हात सापडला, आई." दारात रोज हात कसा सापडतो? माझे यजमान हात उगारणारे होते, त्यामुळे मला संशय मुलाचाच आला. एकदा भाजीची पिशवी घेऊन मी तिच्या मागोमाग फूलबागेत गेले. तिथे बायका झाडाला बांधलेल्या गादीवर ठोसे मारत होत्या आणि त्यात ही. कराटेचे मास्तर ओरडत होते, "कलाई सीधी रखो! मुड़ेगी तो चोट तुम्हीं को लगेगी." हिचं मनगट दर वेळी वाकत होतं, कारण काचेच्या बांगड्या वाढल्या तर अपशकुन होईल या भीतीने ती हात आखडत होती. मी तिला बाजूला घेतलं. "कोणाला मारायचंय? माझ्या मुलाला?" ती म्हणाली, "उन्होंने कुछ नहीं किया, आई. अजून तरी नाही." ते 'अजून' मला आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. मी तिच्या बांगड्या तिथेच उतरवून पिशवीत टाकल्या आणि म्हटलं, "आता सरळ मार." तिने मारला तशी गादी हलली. मुलाने हात उगारलेला मी आजवर पाहिला नाही, तरी त्याचा आवाज चढला की हातातलं काम टाकून मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते.