कासारवाडीची वीस मिनिटे

योगिनीच्या दिवसात तिची स्वतःची म्हणावीत अशी वीसच मिनिटे होती, आणि तीही तिने आईला वाहिलेली होती.

चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधण्याचे तिचे काम. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस निघे, कासारवाडीला थांबे आणि पुढे पिंपळे गुरवला जाई. घर पिंपळे गुरवला; पण आठवड्यातून दोनदा योगिनी कासारवाडीलाच उतरे. तिथे एका खोलीत तिची आई, गिरजाबाई, राहत होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेलेला. शेजारीण डबा देई, पाणी भरी. पण वेणी कोण घालणार? योगिनी आईच्या पाठीमागे बसे, तेल लावी, एकेक गुंता सोडवी. फणी फिरे, आई डोळे मिटे, आणि त्या पत्र्याच्या खोलीत काकड आरतीनंतरची शांतता उतरे. कुणी याला सेवा म्हणेल, कुणी पूजा. योगिनीला नाव ठाऊक नव्हते. हात ठाऊक होते.

या भेटीला घरातून मनाई होती. जावयाने लेकीवर हात उगारला, तेव्हा गिरजाबाईंनी चारचौघांत त्याला सुनावले होते, "माणूस हाय ती, ढोर न्हाई!" नवऱ्याने, नवनाथने, ते मनात धरले. "त्या घराची पायरी चढलीस तर तिकडंच राहा. पोरगी इथं राहील," त्याने बजावले होते.

आणि चोरून गेले तरी त्याला कळे.

"काय म्हणते कासारवाडी?" तो जेवताना सहज विचारी. "चार पंचवीस ते पावणेपाच. खोटं असेल तर सांग."

योगिनीचा घास हातातच राही. मिनिटामिनिटाचे याला सांगते कोण?

संशय गेला शालनबाईंवर. आठ वर्षे बसमध्ये दोघी एका बाकावर. शालनबाई कासारवाडीपुढे पिंपळे गुरवपर्यंत जाणाऱ्या, आणि त्यांचा नवरा नवनाथच्याच वर्कशॉपमध्ये. माणसांच्या भरवशावर जगणाऱ्यांचा संशयही आधी माणसावरच जातो. खिशातल्या वस्तूवर कोण घेईल? एके दिवशी भरल्या बसमध्ये योगिनी कडाडली, "बाई, माझ्या घरात काड्या घालून तुम्हाला काय मिळतं?"

"मी?" शालनबाईंनी हातातला डबा मांडीवर आपटला. "अगं, तुझ्या आईच्या नावानं मी तुळशीपाशी दिवा लावते, आणि मी चुगलखोर?"

योगिनी उठून मागच्या बाकावर गेली. तीन महिने दोघींत शब्द नव्हता.

मग तळेगावचा दिवस आला. कारखान्यात फोन आत नेता येत नाही, कॅमेऱ्याची भीती. गेटवर नंबराच्या कापडी पिशवीत तो ठेवायचा, सुटताना घ्यायचा. त्या दिवशी गेटमधून आत गेलेल्या, योगिनीसह दहा जणींना आतूनच दुसऱ्या गाडीत बसवून तळेगावच्या कारखान्यात प्रशिक्षणाला नेले. फोन चाकणच्या गेटवरच राहिले. त्या दहांत शालनबाई होत्या, अगदी समोरच्या खुर्चीवर.

रात्री जेवताना नवनाथ खुशीत होता. "आज शहाण्यासारखी वागलीस. दिवसभर चाकण सोडलं नाहीस."

योगिनीने त्याच्याकडे पाहिले. मग ओट्यावरच्या फोनकडे. मागच्या पाडव्याला त्यानेच हौसेने आणला होता, त्यानेच सगळे सुरू करून दिले होते. शालनबाईंनी सांगितले असते, तर तळेगाव सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी बस सुटण्यापूर्वी मागच्या बाकावर तिने फोन आम्रपालीपुढे धरला. क्वालिटी विभागातली ही मुलगी सगळ्यांचे मोबाईल दुरुस्त करून देई.

"ताई, नकाशा उघडा. कोपऱ्यातल्या गोलावर दाबा. आता लोकेशन शेअरिंग." आम्रपालीचा आवाज हळू झाला. "हे बघा. नवनाथ. तुम्ही कुठं आहात ते या नावाला दिसतं, बंद करेपर्यंत." तिने सेटिंग्ज उघडली. "आणि तुमचं मेल खातं आणखी एका फोनवर उघडं आहे. पासवर्ड कुणाकडं असतो?"

"त्यांच्याकडंच. मला कुठं जमतं?"

"अहो ताई, घराची किल्ली देऊन कुलूप शोधताय!"

"बंद कर गं. आत्ता."

आम्रपालीने बोट मागे घेतले. "करते. पण बंद केलं की त्यांच्या नकाशावरून तुम्ही गायब. संध्याकाळी ते काय करतील?"

योगिनीचा हात नकळत गालाकडे गेला.

"मग आज नको," आम्रपाली म्हणाली. "या पानांचे फोटो मी माझ्या फोनवर काढून ठेवते, पुरावा म्हणून. एकशे एक्क्याऐंशीला फोन करायचा तो माझ्याच फोनवरून करा. महिलांसाठी आहे तो नंबर. पोरीला घेऊन कुठं राहायचं ते ठरलं, की नवं खातं, नवा पासवर्ड, सगळं एका दिवसात करू. ठरलंय का काही?"

काहीच ठरले नव्हते. आईची एक खोली, लेकीची शाळा पिंपळे गुरवला, आणि कंत्राटावरची नोकरी. फोन बसमध्ये कुणाकडे देऊन उतरावे, तर साडेचारला त्याचा कॉल ठरलेला.

देवही पाहतो. पण लेकरू आईला भेटले म्हणून देवाने कधी जाब विचारला नाही. त्याच्या पाहण्याखाली जीव निर्धास्त झोपतो. या पाहण्याखाली श्वास मोजून घ्यावा लागतो. पांडुरंगा, डोळा सापडला, आणि तो झाकायला हात नाही!

ती उठली, आणि शालनबाईंच्या बाकापाशी उभी राहिली. "बाई, मी पापी आहे. तुम्ही नव्हता. हा होता." तिने फोन दाखवला.

शालनबाईंनी तो न्याहाळला. "पापी कसली, येडी आहेस. आठ वर्षं शेजारी बसले मी, आणि हा मेला वर्षाचाही नाही." मग सरकून जागा केली. "बस. तुझी आई मला ओळखेल का गं?"

"का?"

"वेणी तीन पेडांची घालते ना तू?"

योगिनीने मान हलवली.

कासारवाडीला शालनबाई उतरल्या. मागे वळून त्यांनी हाताने 'जा, जा' केले आणि गल्लीत शिरल्या. बस हलली. बरोबर साडेचारला फोन वाजला.

"कुठं आहेस?"

"बसमध्ये. कासारवाडी सुटली."

"माहीत आहे," नवनाथ म्हणाला, आणि फोन ठेवला.