सर्ज्याच्या पापण्या

समस्त मंगरूळपीरकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, पोळ्याच्या आधी आमच्या मेडिकलमधला काचबिंदूचा एक ड्रॉप संपला. साऱ्या पेशंटांनी हळहळ व्यक्त केली. एकट्या नामदेवकाकांना आनंद झाला.

"बरं झालं संपला. नकलीच व्हता थो," काकांनी काउंटरवर हात आपटला. शेजारी काकू पिशवी धरून उभ्या.

मी नाटकातल्या बापासारखा छातीवर हात ठेवला. "काका, माझ्या दुकानात नकली?"

"मंग हे काय हाय?" त्यांनी वाशीमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद पुढे केला.

माझं नाटक तिथंच संपलं. उजव्या डोळ्याचं प्रेशर वाढलं होतं. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही. शेताची नाली बुजल्यासारखं तुंबतं. मग मागची नस दबते आणि नजर कडेकडेनं जात राहते. गेली की परत येत नाही. काकांचा डावा डोळा तसाच गेला होता. उरलेल्या उजव्याबद्दल डॉक्टरांनी बजावलं होतं : पुढच्या खेपेला प्रेशर उतरलं नाही, तर ऑपरेशन.

मी स्टॉकिस्टला फोन लावला. "माल शॉर्ट आहे भाऊ. कधी येईल, सांगता येत नाही."

"पार्लरवालीकडं हाय ना तेच औषध," काकू म्हणाल्या. "पोरी पापण्या वाढवाले लावतेत."

काकूंना माझ्या धंद्यातलं इतकं कळतं, हे मला नवीनच होतं. गोष्ट खरी आहे. या ड्रॉपनं पापण्या वाढतात, म्हणून तेच औषध ब्रशसोबत पापण्यांसाठीही विकतात. पण ते पापणीच्या कडेला लावायचं असतं, काचबिंदूच्या डोळ्यात घालायचं नसतं. मी हात जोडून नकार दिला आणि डॉक्टरांना फोन केला.

"दुसरा स्वस्त ड्रॉप आहे, पण यांना दमा आहे, तो चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तेच सॉल्ट दुसऱ्या कंपनीचं द्या."

सॉल्ट म्हणजे आतलं औषध. ब्रँड म्हणजे त्याच्या अंगातला सदरा. दुसऱ्या सदऱ्यातली बाटली माझ्या फ्रिजमध्ये होती. मी काढायला वळलो, तोच डॉक्टर म्हणाले, "पण मला एक सांगा, इतके दिवस गुण होता. आत्ताच काय झालं? रोज घालतात ना?"

मी काकांकडे पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पापण्या नवरीला लाजवतील अशा लांब. म्हणजे औषध अस्सल होतं, आणि बाटलीही दर महिन्याला वेळेवर संपत होती. मग प्रेशर का वाढावं?

"काका, रोज रात्री घालता?"

काका कॅलेंडरकडे पाहू लागले.

"सांगा ना आता!" काकू कडाडल्या. "एक रात्र यांची, एक रात्र सर्ज्याची!"

"सर्ज्या कोण?"

"बैल."

फोनवर डॉक्टरांना ठसका लागला.

"हासू नका भाऊ," काका हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या एका डोळ्याच्या पापण्या झडल्या. माश्या बसतेत, पानी गयते. माह्या पापण्या पाह्यल्या, म्हटलं याले बी घालून पाहू. दोघाले रोज पुरत नोयतं, म्हनून पाळी लावली. पोळ्यात तसा कसा उभा करू त्याले?"

हसू तर येत होतं, पण मी ते गिळलं. उरलेल्या एकुलत्या डोळ्याचं औषध हा माणूस बैलासोबत वाटून घेत होता.

"काका, तुमचा डोळा गेला तर पोळ्यात सर्ज्या तुम्हाला दिसेल का?"

काकांनी नवी बाटली उचलली. मी त्यांना दोन गोष्टी कबूल करायला लावल्या : ड्रॉप फक्त स्वतःला, रोज, आणि सर्ज्या जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्याच्या पापण्यांच्या मुळाशी खरूज निघाली. त्यावर वेगळं मलम मिळालं.

पोळा झाल्यावर काका-काकू पुन्हा आले. काकांनी कागद काउंटरवर ठेवला. प्रेशर उतरलं होतं. ऑपरेशन टळलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. औषध लागू पडत नाही म्हणून कुणी आलं, की कंपनीला शिव्या देण्याआधी विचारतो, "घरात आणखी कोण घेतं?" गोठाही घरातच धरतो.

"अन् सर्ज्या?" त्या दिवशी कागद परत देताना मी विचारलं.

काका खुलले. "नव्या पापण्या फुटल्या भाऊ! बारीक-बारीक. रोज सकाळी मोजतो म्या."

काकूंनी पिशवी काउंटरवर आदळली. "माह्या डोळ्याले चष्मा कवा लागला, हे मालूम नाही या मानसाले, अन् बैलाच्या पापण्या मोजून राह्यला!"