कडालला हरू देणारे भास्कर सर

भास्करराव चौधरी सर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा ते बसलेच नाहीत. पुरुषोत्तमनगरला रविवारच्या दुपारी आम्ही चार मित्र टेबलाभोवती खेळत होतो. पुण्यात शिकताना मला या खेळाचा नाद लागला होता. यात एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि पात्राचा बेत साधला की फसला ते फासे ठरवतात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले सर माझ्या वडिलांना भेटायला आले होते. ते टेबलाभोवती फिरत राहिले आणि शेवटी माझ्या खुर्चीमागे थांबले.

"ह्या खेळमा जिंकस कोन?"

"कोणीच नाही, सर. गोष्ट पुढे जाते."

"मंग ह्यामा मन्हा कडालले आन," सर म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन दारात हजर होते.

कडाल हा सरांनी नोकरीच्या काळात लिहिलेल्या साहसकथांचा नायक. बर्फाळ डोंगरांतून उतरलेला, अंगावर अस्वलाचं कातडं, हातात दुधारी कुऱ्हाड, जुलमी राजांची शहरं उलथवून टाकणारा रानटी वीर. आमच्या भागातल्या दिवाळी अंकांतून या कथा येत असत. शहाद्यात आज केस पिकलेली कितीतरी माणसं लहानपणी या कथांसाठी भांडलेली आहेत.

कडालचा खेळ करायचा म्हणजे मोठीच पंचाईत होती. कथेत तो कधी हरत नाही. खेळात फासा उलटा पडला की कोणीही हरतं. सर नियम ठरवायचे, मोडायचे, पुन्हा ठरवायचे. भल्या सकाळी फोन यायचा, "कुऱ्हाडना घाव कमी पडी ऱ्हायना." मी महाविद्यालयात गणित शिकवतो, म्हणून आकडेमोड माझ्याकडे. एक नियम नीट बसला असं मला वाटावं, तर सर अंगणात येऊन उभे. माझी पत्नी हसून विचारायची, "चहा टाकू, की आधी थोडं फिरू द्यायचं सरांना?"

त्यांच्या या अस्वस्थपणाचे आमच्या घरावर उपकार आहेत. वडिलांना लकवा झाला आणि त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर चालायला सांगत, आम्ही विनवण्या करत, वडील भिंतीकडे तोंड करून पडत. सर रोज सकाळी येऊ लागले.

"ऊठ भाऊ, चाल मन्हासंगे."

"माले नही जमस."

"माले बी बठनं जमस नही. चाल."

वसाहतीच्या रस्त्यावर एकाची काठी आणि दुसऱ्याची बडबड, असे ते दोघे निघत. वडील आज एकटे बाजारात जातात. याबद्दल आभार मानायला गेलो, की सर कडालचा विषय काढतात.

कडालच्या खेळाचं पुस्तक तयार होऊन त्याची पानं नंदुरबारला छापखान्यात गेली होती, तेव्हाची गोष्ट. शेवटचा सराव म्हणून आम्ही खापरला जमुनाताई वळवींच्या घरी खेळायला बसलो. जमुनाताई परिचारिका आहेत, माझ्या पत्नीच्या मैत्रीण. त्यांचं गाव वर डोंगरात. त्यांनी कडालची शीट, म्हणजे पात्राचे गुण लिहिलेला कागद, उचलली. तिच्यावर ताकद सर्वांत जास्त, बुद्धी सर्वांत कमी, भाषा तुटक असं लिहिलेलं होतं. अशा खेळांत रानटी वीराचा रिवाजच तसा असतो.

गोष्टीत कडाल शहराच्या दरवाज्याशी पोचला. पहारेकऱ्याने हटकलं. जमुनाताई म्हणाल्या, "कडाल परत जातो."

"का?" मी विचारलं.

"त्याला शहराची भाषा येत नाही, म्हणून तुम्ही त्याला अक्कल नाही असं लिहिलंय. मी पहिलीत गेले तेव्हा मला मराठी येत नव्हती, सर. मास्तरांनी मला मंद म्हणून मागे बसवलं होतं. घरी मी शेळ्या राखायचे, धाकट्या भावाला गाणी रचून सांगायचे."

सर उठले आणि रस्त्यापर्यंत चालत गेले. ते दुखावले, आता थेट बसस्टँड गाठणार, असं मला वाटलं. ते परत आले आणि चक्क खुर्चीवर बसले.

"आता पहारेकरी मी होणार. कडालला त्याच्या भाषेत बोलू द्या."

जमुनाताई आपल्या भिली बोलीत बोलल्या. बराच वेळ बोलल्या, मध्येच हसल्याही. सरांना त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी फासा स्वतःकडे ओढला. "मला समजलं की नाही, ते ठरवायला फासा मीच टाकला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी छपाई थांबवली. कारखान्यातले त्यांचे जुने स्नेही रामदासभाऊ चिडले, "कडालले बिघाडी ऱ्हायना तू!" कित्येक आठवडे सरांचा फोन आला नाही. सगळं काम वाया जातं की काय, अशी धाकधूक मला लागून राहिली. नंतर कळलं की सर खापरच्या बसने जमुनाताईंकडे जात होते. नवा कडाल पूर्ण वाक्यं बोलतो, समजून घेण्याचा फासा ऐकणाऱ्याने टाकायचा असतो. कडालचा संतापही काढून टाकायला सर निघाले होते, तेव्हा जमुनाताईंनीच अडवलं. "संताप राहू द्या. फक्त तो कशाने येतो, ते खेळणाऱ्याने आधी सांगावं."

यंदा विसरवाडीला, हायवेवरच्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत, नवापूरच्या मंडळींसोबत आम्ही खेळलो. सूत्रधार जमुनाताई, आणि सर पहिल्यांदाच स्वतः कडाल झाले. पुराच्या पाण्यात दोर धरून कडाल उभा होता. सगळी माणसं पलीकडे गेली. त्याच्या स्वतःच्या पाळीला फासा उलटा पडला.

"सर, फासा ताटलीला लागला. पुन्हा टाका," मी घाईघाईने म्हणालो.

"नही. पडना तो पडना."

"कडाल गेला," जमुनाताई हळूच म्हणाल्या. खाली ट्रकचे हॉर्न वाजत होते. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग विचारलं, "आते मी कोन?"

जमुनाताईंनी कोरी शीट पुढे सरकवली. सरांनी पेन उघडलं. "कडालनी बहीण. तिले पलीकडे जानं शे."

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहावं, रक्तदाब ताळ्यावर असावा आणि घरच्यांनी हाक मारल्यावर त्यांनी जेवायला वेळेवर यावं, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना. त्यांनी शंभर वर्षं जगावं असं लिहिणार होतो. पण सर लगेच विचारतील, "तेना पुढे काय?" म्हणून आकडा घालत नाही.