घड्याळजीचा नेहमीचा ताप

घड्याळजीला जन्मापासून थॅलेसेमिया होता. दर तिसऱ्या आठवड्याला दोन पिशव्या रक्त चढवलं की त्याची गाडी पुन्हा रुळावर यायची. जंतूंना अडवणारी प्लीहा लहानपणीच काढून टाकलेली होती. म्हणून कोरोना आल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ताप आला की गोळी घेऊन घरी बसायचं नाही. सरळ इकडे यायचं."

पण रक्त चढवलं की संध्याकाळी त्याला कणकण यायचीच, आणि सकाळपर्यंत ती जायचीही. थोरली बहीण म्हणायची, "नवीन रक्त आलंय, घर फिरून बघतंय."

या खेपेला ताप तिसऱ्या दिवशी आला.

"घर बघायला उशीर केला की रे," बहीण म्हणाली. तिचा हात त्याच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिला.

"रस्ता चुकलं असेल, ताई. गोळी दे."

सकाळी अंग कोमट होतं. तो पुढच्या खोलीत टेबलाशी बसला, एका मनगटी घड्याळाची चाकं वाटीत टाकली आणि धुवायला त्यावर पेट्रोल ओतलं. त्या वासाने बहीण रोज नाक मुरडून खिडकी उघडायची. आजही तिने उघडली. त्याला मात्र कसलाच वास आला नाही. त्याने वाटी नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली.

"ताई, लांब उभी राहा. आणि दवाखान्यात फोन लाव."

ती दारापर्यंत मागे सरली. आदल्या संध्याकाळपासून त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या तीच बदलत होती.