वारा लागू नये म्हणून

शरद मुजुमदारला चहा देण्याआधी त्याच्या हातांकडे पाहावं लागे. हातात पांढरे सुती मोजे असले, की चहा मुकाट्याने परत न्यायचा. बँडवाले घालतात तसले ते मोजे चढवून तो बडोद्यात गोरव्याच्या आमच्या शेडमध्ये टायटॅनियमच्या पत्र्याशी उभा असला, की त्याला हाक मारलेलीही खपत नसे. पहिला पत्रा आला त्या दिवशी मी भागीदाराच्या हक्काने त्यावरून कौतुकाने हात फिरवला. शरदने माझं मनगट धरून बाजूला केलं, ॲसिटोनचा बोळा घेतला आणि मी हात लावलेली सगळी जागा पुसून काढली. "नाना, उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेलसुद्धा याला चालत नाही." मी म्हटलं, अरे, सकाळी आंघोळ करून आलोय. तो म्हणाला, "ती तुझ्यासाठी."

आम्ही दोघे आधी एकाच कारखान्यात नोकरीला होतो. तो वेल्डिंगच्या बाजूला, मी खरेदीत. परवान्यांचं राज्य संपलं, बाहेरचा माल मागवणं सोपं झालं आणि शरदच्या डोक्यात टायटॅनियम शिरलं. खारं पाणी आणि ओलं क्लोरीन जिथे लोखंडाची बघता बघता चाळण करतं, तिथे हा धातू वर्षानुवर्षं ढिम्म राहतो. बडोद्याच्या आसपास रासायनिक कारखाने चिकार, आणि टायटॅनियमच्या टाक्या करून देणारं जवळपास कोणी नाही. कोणी का नाही, ते आम्हाला नंतर कळलं. शरदच्या घराण्याने संस्थानच्या कचेरीत पिढ्यान्पिढ्या लेखणी चालवलेली; धंद्यात पडणारा हा पहिलाच. रावपुऱ्यातलं राहतं घर बँकेकडे गहाण टाकताना त्याने सही केली ती मात्र पूर्वजांसारखी, झोकात.

खरेदी माझ्याकडे होती म्हणून सांगतो, इतका मानी धातू मी दुसरा पाहिला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पैसे आगाऊ भरायचे आणि मग महिनोन्‌महिने त्याच्या फोनची वाट बघत बसायचं. भाव डॉलरात. परदेशात विमानांची मागणी वाढली, की इकडे गोरव्यात आमची झोप उडायची. हव्या त्या मापाचा पत्रा कधी मिळाला नाही. मिळेल तो घ्यायचा आणि उरलेले तुकडे जपायचे, कारण भंगारवाला त्यांना स्टीलचाच भाव देई. शरद एकेक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवी. मी चिडवायचो, "बायकोचे दागिने कधी एवढे जपलेस का रे?" तो म्हणायचा, "तिचे दागिनेच आहेत हे." ते खोटं नव्हतं. पहिल्या पत्र्यात वहिनींच्या पाटल्या गेल्या होत्या.

शेडच्या एका टोकाला भिंत घालून त्याने वेगळी खोली केली. तिथे लोखंडी हातोडी न्यायची नाही, लोखंड घासलेल्या कपड्यांनी शिरायचं नाही, चपला बाहेर. मी तिला सोवळ्याची खोली म्हणू लागलो आणि मग सगळी शेडच तसं म्हणू लागली. गंमत अशी, की शरदने घरी कधी सोवळं पाळलं नाही. मुंजीतलं जानवं त्याने कॉलेजात असताना खुंटीला टांगलं ते टांगलंच. या खोलीत मात्र तो पक्का भटजी. भोक पाडायचं तर ड्रिल अगदी सावकाश फिरवायचं, नाहीतर ड्रिलचीच धार जाते. वाकवलेला पत्रा हट्टी पोरासारखा मागे येतो. बारीक कीस पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. आणि वेल्डिंग करताना तापलेल्या सांध्याला हवा लागता कामा नये. पुढून आणि मागून ॲर्गॉन वायू सोडत राहायचा, सांधा पुरता निवेपर्यंत. आमचा वेल्डर रमणभाई सावली गावाहून बसने येई. बसच्या घाईत त्याने वायू जरा लवकर बंद केला, की शरदचं ठरलेलं वाक्य यायचं. "रमणभाई, बाळंतीण आहे ती. वारा लागू द्यायचा नाही."

सांधा निवला की दोघे त्यावर वाकून रंग पाहत. हवा लागली नसेल तर चांदीसारखा, जराशी लागली तर पिवळट, जास्त लागली तर निळा, आणि सगळंच बिघडलं असेल तर राखेसारखा. "चांदी असेल तर चहा मागव," शरद म्हणायचा. "पिवळं असेल तर विचार कर. निळं असेल तर कापून काढ. राख असेल तर उठून घरी जा." रमणभाई गुजरातीत त्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि शरद सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

खंडेनवमीला शेडमधल्या प्रत्येक यंत्राला झेंडू आणि कुंकू लागे. सोवळ्याच्या खोलीत मात्र पूजा बंद. पहिल्या वर्षी वहिनी, म्हणजे शरदची बायको सुमन, तबक घेऊन दाराशीच अडल्या. "सगळ्यात महागाची वस्तू आत आहे, आणि तिलाच कुंकू नाही? मला नाही फावत हे," त्या आमच्या बडोदी मराठीत म्हणाल्या. शरदने खिशातून पेन काढलं आणि पत्र्याचा एक कोपरा आखला. "हा कोपरा कापायचाय. इथे लाव." वहिनींनी चपला काढल्या, आत गेल्या आणि आखलेल्या जागेत नेमकं बोट टेकवलं. पुढे दर वर्षी हेच चाललं. कापलेला तो कुंकवाचा तुकडा शरद इतर तुकड्यांत मिसळत नसे.

मग ती क्लोरीनच्या टाकीची ऑर्डर आली. आमच्या कुवतीपेक्षा मोठी होती, पण ती नीट उतरली असती तर रावपुऱ्याचं घर सुटलं असतं. पत्रा आला, गोल वळवून झाला, दोन्ही कडा एकमेकींशी जुळवून सांधा वेल्डिंगला तयार ठेवला, वर धुतलेली चादर घातली. आणि वहिनींच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. शरद दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होता, मी मुंबईत व्यापाऱ्याच्या दारात. खंडेनवमी मधेच येऊन गेली. वहिनींच्या जिवावरचं टळलं आणि शरद हसतमुखाने शेडमध्ये परतला. रमणभाईने सांधा भरला. वरून पाहिलं तर अगदी चांदी. शरदने सगळ्यांना चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सांध्याची एक्स-रे तपासणी झाली. फिल्ममध्ये नुसती भोकंच भोकं. शरद टॉर्च घेऊन टाकीत वाकला आणि आतल्या बाजूने सांधा पाहिला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. मग बाहेर आला, मोजे काढून खिशात ठेवले आणि स्कूटर काढून घरी गेला. आत रंग कोणता होता, हे मला विचारावं लागलं नाही.

तो गेल्यावर रमणभाई माझ्याकडे आला. "नानाभाई, भाभी दवाखान्यात होती ने. मी मानता ठेवली. मने थयुं, या वर्षी कोपऱ्यात नको, मोठा साथियो काढू." मानता म्हणजे नवस, साथियो म्हणजे स्वस्तिक. भाभी वाचावी म्हणून त्याने ओल्या कुंकवाने ते थेट सांध्यावर काढलं होतं. नंतर पुसलं, ॲसिटोनने घासलं. पण कुंकवाचं पाणी दोन कडांच्या फटीत उतरलं होतं आणि तिथे कुठलाच बोळा पोचत नाही. "साफ केलं होतं, साहेब, बरोब्बर साफ केलं होतं," असं म्हणत तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला.

मी तापलो होतो. रमणभाईला काढून टाकायचं, हे ठरवूनच संध्याकाळी रावपुऱ्याला गेलो. शरदने मला गच्चीवर नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. "कोणासाठी काढलं त्याने?" त्याने विचारलं. "वहिनींसाठी," मी म्हटलं. "मग?" तो म्हणाला. नंतर खाली स्वयंपाकघराकडे पाहत हळूच म्हणाला, "हे सुमनला कळता कामा नये. मी वाचले आणि काम गेलं, असं ती जन्मभर मनात घोळवत बसेल."

बिघडलेला भाग कापला तर पत्रा कमी पडला. नव्या पत्र्याचा भाव तोवर चढला होता आणि माल यायला पुन्हा तेवढेच महिने. कारखान्याची मुदत टळली, त्यांनी काम काढून घेतलं. घर बँकेने घेतलं, शेड आम्ही सोडली, आणि मुजुमदार मंडळी गोरव्यातच दोन खोल्यांत राहायला आली. शरद पुन्हा नोकरीला लागला. वहिनींना त्याने एवढंच सांगितलं, "भाव वाढले गं. डॉलर." त्या बिचाऱ्या मग वर्तमानपत्रात डॉलर दिसला, की त्याला शिव्या घालायच्या. रमणभाईनेही कधी तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, म्हणून तर हे आज लिहितो आहे.

त्या दोन खोल्यांतली पहिली खंडेनवमी मला विसरता येत नाही. वहिनींनी पाटावर विळी, पक्कड आणि स्कूटरची किल्ली मांडली होती. शरदने कपाटातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, त्यातला टायटॅनियमचा तुकडा पाटावर ठेवला आणि पेनने त्याचा कोपरा आखला. "इथे लाव," तो म्हणाला. "आता कुठे कापायचाय?" वहिनींनी विचारलं. "लाव तू," शरद म्हणाला. त्यांनी आखलेल्या जागेतच बोट टेकवलं. मी उठून खिडकीशी गेलो, कारण मला रडू आवरेना.

काही वर्षांनी रावपुऱ्याच्या वळणावर शरदची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाडात टायटॅनियमची दांडी घालायची ठरली. शरदने डॉक्टरांना कुठल्या प्रतीचं टायटॅनियम ते विचारलं, आणि किंमत ऐकून तो इतका हसला की नर्स रागावली. "नाना, आपण हे किलोवर विकत होतो. वेडे होतो ने आपण?" मग पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हिला वारा लागायची भीती नाही."

तो गेला तो एका दुपारी, जेवून पडला असताना, झोपेतच. त्याची मुलगी मेधा पुण्याहून आली. अस्थी गोळा करायला ती आणि मी गेलो. राखेत ती दांडी होती, सरळ, जशी घातली तशी. मेधा वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उघडा हात लावू नकोस."

"काका, गार झालंय," ती म्हणाली. तिने दांडी उचलली आणि ओढणीने पुसली. पुन्हा पुसली. रंग जाईना. चांदी नव्हती, पिवळा नव्हता, निळाही नव्हता.

"आता काय करायचं, काका?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आता उठून घरी जायचं."