खारीच्या पायातलं रेशीम

आज सकाळी साडेनऊला दारासुरम या तमिळ गावातल्या आमच्या घरी मी मागावर बसून तुटलेला धागा जोडत होतो. तेवढ्यात अंगणातून बारीक चिरचिर ऐकू आली.

शेवग्याखाली खारीचं पिल्लू पडलं होतं. मागच्या पायाला लाल रेशीम इतकं घट्ट गुंडाळलेलं, की पाय सुजला होता.

आम्ही विणकर तुटके धागे अंगणात टाकतो. खारी ते घरट्यात नेतात. ‘आमच्या खारीसुद्धा रेशमावर निजतात,’ असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.

शेजारच्या कमलाअक्कांनी पिल्लू फडक्यात धरलं. मी चिमटा आणि बारीक कात्री घेतली. दोनदा कात्री धाग्यापर्यंत नेली आणि मागे घेतली.

“तंबी, आधी श्वास घे. तू आडवा झालास तर तुला कोण उचलणार?” मला धाकटा भाऊ मानून ‘तंबी’ म्हणणाऱ्या अक्का म्हणाल्या.

शेवटचा वेढा सुटला आणि पिल्लाने पाय झाडला.

“याला दूध पाजू का?” मी विचारलं.

“त्याची आई वर ओरडतेय. पिल्लू तिलाच देऊ की!”

पिल्लाला टोपलीत ठेवून ती फांदीला बांधली. खडखडाटाने खार बिचकू नये म्हणून दोन्ही घरांचे माग थांबवले. आम्ही दाराआडून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ती उतरली आणि पिल्लाला तोंडात धरून वर गेली.

दुपारी मी अंगणातला एकेक धागा वेचला. झाडाखाली सावरीचा कापूस ठेवला. पण वरच्या घरट्यात अजून रेशीम असेलच. पिल्लं मोठी होईपर्यंत थांबू, की आत्ताच काढू? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.