अण्णा : आत

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चाळिशीचे झाले तरी लग्नाचं नाव काढत नाहीत. बरंच आहे म्हणा. जेवायच्या टेबलावर पोटं उघडी टाकून पडलेली यंत्रं कोणती बायको सहन करेल? मी करते, कारण मला दुसरा इलाज नाही. साखरेच्या डब्यात मला स्क्रू सापडलेले आहेत. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, ते धुतलेले आहेत." घ्या! 

आम्ही दोघंही एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला. मोठाल्या गारठलेल्या खोल्या, छतापर्यंत रॅक, रॅकवर खोकी. आमचे हे लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतात, त्यामुळे घरात मी, भाऊजी आणि सासरे, एवढीच माणसं. सासऱ्यांना सगळं जग अण्णा म्हणायचं. खोली नंबर दोनचे ते मुकादम. त्यांनीच आम्हा दोघांना तिथे चिकटवलं.

तिथे सगळ्यांना एकच भीती: दार लागताना आत माणूस राहण्याची. दार हातभर जाड, बाहेर काडीचाही आवाज येत नाही. आतून उघडायचा दांडा आहे, पण त्यावर बर्फ धरलं की तो हलत नाही. म्हणून अण्णांचा एक शिरस्ता होता. दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभं राहायचं, "चला रे, बंद करतोय!" अशी हाक मारायची, आणि तोंडातून निघालेली वाफ विरेपर्यंत थांबायचं. मगच दार ओढायचं. घाई करणाऱ्याला ते म्हणायचे, "तुझी गाडी सुटतेय, आतल्याचा जीव."

माल मोजायला प्रत्येकाच्या हातात एक डबी असते. डबी म्हणजे मुठीत मावणारा कॉम्प्युटर. खोक्यावरच्या पट्ट्यांवर लाल उजेड मारला की पीऽ वाजतं आणि मोजणी होते. ज्या कंपनीच्या त्या डब्या होत्या तिनं एक दिवस हात वर केले, जुन्या झाल्या, नव्या घ्या. साहेब वैतागले. तेव्हा भाऊजी म्हणाले, "एक माझ्याकडे द्या." घरी आणली, उघडली आणि तिच्यात लिनक्स घातलं.

मला त्यातलं काय कळणार! पण ते तासन्‌तास समजावायचे. मी वाटाणे सोलतेय आणि भाऊजी सांगतायत, की वहिनी, ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली सिस्टिम आहे, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे उघडी आहे. हिची ओळ न्‌ ओळ कोणालाही वाचता येते. कंपनीची सिस्टिम म्हणजे कुलूपबंद पेटी, आत काय चाललंय देव जाणे. "हिच्यात लपायला जागाच नाही," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की मी वाटाणे मोजून घेण्याचा आव आणायचे. डबी सुरू झाली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायच्या. ते त्या ओळी पोथीसारख्या वाचायचे.

सगळ्या डब्या त्यांनी अशा सुधारल्या, आणि अण्णांची ती दाराची भीती डोक्यात ठेवून एक भर घातली. खोलीत शिरताना डबीवर ‘आत’ दाबायचं, निघताना ‘बाहेर’. दाराशेजारी भिंतीवर एक पडदा बसवला. आत जे असतील त्यांची नावं त्याच्यावर दिसणार. पडदा कोरा, तरच दार लावायचं. अण्णांनी तो पडदा बघितला आणि म्हणाले, "अक्षरं मोठी कर, मला दिसत नाहीत." बापलेकांमध्ये बोलणं एवढंच. भाऊजींनी अण्णांच्या डबीतली अक्षरं बोराएवढी केली. पडदा आला तरी अण्णा हाक मारायचे ते मारायचेच. यंत्राला घसा कुठे असतो, म्हणायचे.

अण्णा गेले ते खोली दोनमध्येच. भरदुपारी रॅकमध्ये मोजणी करता करता छातीत कळ आली आणि कोसळले. चार जणांनी ढकलगाडीवर घालून बाहेर आणलं, पण दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. भाऊजी तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटरवर होते, त्यांना कळेपर्यंत गाडी निघालीसुद्धा. नंतर ते एकटेच खोलीत गेले आणि रॅकखाली पडलेली अण्णांची डबी उचलून आणली. घरी आल्यावर तिची बॅटरी काढली, डबी कपाटाच्या खणात ठेवली आणि ती पुन्हा सुरू केली नाही. रडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या यादीतून अण्णांचं नाव काढून टाकलं आणि कामाला लागले. मला राग आला होता त्यांचा, खरं सांगते. इतकं कसं कोरडं असावं माणसानं!

काही महिन्यांनी माझी बदली मोजणीवर झाली. मला डबी हवी. भाऊजींनी एक जुनी दुरुस्त करून दिली आणि मी ती मिरवत खोली दोनच्या दाराशी नेली. दारावर अण्णांच्या जागी आलेले घाईकाका. माणूस चांगला, पण त्यांना कायम कुठेतरी पोचायचं असतं. मी डबी सुरू केली मात्र, भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

अण्णा : आत

घाईकाकांच्या हातातला चहा पायावर सांडला. त्यांची बोबडीच वळली. माझ्याही अंगावर काटा आला, कशाला खोटं बोलू. अर्ध्या तासात सगळीकडे बोभाटा, की अण्णा खोली दोनमध्ये फिरतायत.

भाऊजी आले, माझी डबी बघितली आणि कपाळावर हात मारला. "भूत नाही हो, नक्कल आहे!" झालं होतं असं, की नव्यानं सगळं घालत बसण्यापेक्षा त्यांनी अण्णांच्या डबीतलं कार्ड काढून जसंच्या तसं माझ्या कार्डावर उतरवलं. तेच सगळ्यात नीट चालणारं होतं. आणि नाव बदलायचं राहिलं. अण्णा खोलीतून ढकलगाडीवर बाहेर आले, ‘बाहेर’ कोणी दाबणार? त्यांच्या डबीच्या लेखी ते अजून आतच होते. तेच माझ्या डबीत आलं. भाऊजींनी तिथेच नाव बदलून ‘वहिनी’ केलं, सगळ्यांना दाखवलं, यादी पुसली. घाईकाकांना म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? ह्यात सगळं उघडं आहे. भुताला जागा कुठे?" लोक हसले. तरी खोली दोनमध्ये एकटं जायला कोणी तयार होईना, मग ती खोली माझ्याच गळ्यात पडली.

पुढचं सांगताना अजून हात गार पडतात.

दोन दिवसांच्या सुट्टीच्या आदली दुपार. सगळ्यांना घराची ओढ. मला एका खोक्याचा आकडा जुळत नव्हता. दाराशी आले तर डबीची बॅटरी संपली, तिचा पडदा काळा. म्हटलं, एका खोक्यासाठी काय परत जायचं, मिनिटाचं काम. तशीच आत शिरले. पार शेवटच्या रॅकपर्यंत. तेवढ्यात घाईकाका आले, भिंतीवरचा पडदा बघितला, कोरा. हाक? हाक मारायची पद्धत अण्णांबरोबरच गेली होती. पडदा असताना घसा कोण कोरडा करणार! त्यांनी दार ओढलं.

दाराबरोबर दिवेही गेले. ओरडत, रॅकला धडकत दारापर्यंत आले. दांडा दगड झालेला. दोन्ही हातांनी दार बडवलं, बडवताना हात माझे आहेत की कोणाचे तेही कळेनासं झालं. दोन दिवस सुट्टी, हे एवढंच डोक्यात. आई गं, काय जीव घाबरा झाला! भाऊजी मला घरी शोधतील, पण रात्री शोधतील. तोवर मी कुठली राहतेय?

मग मागून आवाज आला. पीऽ.

मला वाटलं, माझीच डबी. चाचपली, ती मेलेली. पुन्हा पीऽ. लांब, शेवटच्या रॅककडे. थोडं थांबून पुन्हा, आणि पुन्हा, रॅकमागून रॅक पुढे सरकत. कोणीतरी निवांतपणे मोजणी करत येत होतं. घाई नाही, गडबड नाही. तशी मोजणी आमच्याकडे एकच माणूस करायचा. उजेड कुठेच नव्हता, पावलंही नव्हती. मी पाठ दाराला लावून उभी.  आवाज पार माझ्याजवळ येऊन थांबला. त्या काळोखात माझ्याशेजारी कोणीतरी थांबलेलं होतं, माझं आटपायची वाट बघत.

आणि दार उघडलं.

बाहेरचं असं झालं. दार लावून घाईकाका वळले, तर कोऱ्या पडद्यावर अक्षरं: अण्णा : आत. त्यांची पाचावर धारण बसली. दार उघडायचं सोडून ते पळत ऑफिसात गेले. भाऊजी पिशवी भरून निघालेच होते. काका म्हणाले, "तुमचे वडील आत आहेत." भाऊजी आधी चिडले. पुन्हा तीच नक्कल, पुन्हा तोच घोळ! आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ती नक्कल कोणाच्या हातात आहे. असे धावले म्हणतात, की एक चप्पल ऑफिसातच राहिली.

त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, अंगावर सतरंज्या टाकल्या, हात चोळले. मी शुद्धीत होते. ते मला रागावत होते, आणि रागावता रागावता रडत होते. अण्णा गेले तेव्हा न रडलेलं सगळं त्या दिवशी निघालं. मी म्हटलं, "अहो, मी आहे, आहे." दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर त्यांनी माझी डबी चार्जिंगला लावली. सुरू झाली. नाव: वहिनी. आणि मी आत जाण्याआधीच ती बंद पडली होती, हे तीच सांगत होती. खणातली अण्णांची डबी काढली. बॅटरी वेगळी, पडद्यावर धुळीचा थर. भाऊजी टेबलापाशी बसले. पूर्ण सुट्टी ते त्या सिस्टिमच्या ओळी वाचत होते. त्यांनी स्वतः लिहिलेल्या, जगानं लिहिलेल्या, सगळ्या. घोडं कुठे पेंड खातंय ते सापडेना. ताटं तशीच परत यायची. शेवटी म्हणाले, "वहिनी, सगळं उघडं आहे हो. सगळं वाचलं. कुठूनच आलेलं नाही ते."

मग मी त्यांना त्या पीऽबद्दल सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं, वेड्यात काढतील म्हणून. त्यांनी वेड्यात काढलं नाही.

सुट्टी संपून गेलो तर पडद्यावर तेच: अण्णा : आत. भाऊजींनी पुसलं, परत आलं. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, परत आलं. दिवसभर ते चाललं. खोली दोनचं दार कोणी लावेना, साहेब ओरडायला लागले. संध्याकाळी माझाच तोल सुटला. म्हटलं, "किती पुसाल? त्या दिवशी बाहेर आणलं ते ढकलगाडीवर घालून. पण त्यांना हाक कोणी मारली होती का? जन्मभर सगळ्यांना हाक मारून बाहेर काढलं त्या माणसानं."

भाऊजींनी पिशवीतून अण्णांची डबी काढली, रुमालानं पुसली, बॅटरी घातली. काळ्या पडद्यावर ओळी सरसर गेल्या आणि बोराएवढी अक्षरं आली. ती घेऊन ते खोली दोनच्या उंबऱ्यावर उभे राहिले. मी शेजारी, घाईकाका दहा हात लांब. आत दिवे चालू, रॅक, खोकी. माणूस कोणी नाही.

"अण्णा," भाऊजी हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, चला. बंद करतोय."

वाफ निघाली. ती विरेपर्यंत ते थांबले. त्यांचा अंगठा ‘बाहेर’वर होता, पण अजून दाबलेलं नव्हतं. मी बघत होते.

भिंतीवरचा पडदा कोरा झाला.

भाऊजी उंबऱ्यावरून बाजूला झाले, वाट द्यावी तसे. मीही सरकले, डोक्यावरून पदर घेतला.

मग भाऊजींनी दार ओढलं.